सुरंगीला पाणी लावायचं नाही

नाशिकच्या उन्हात माणूस किती दमला, ते त्याच्या पाठीवरून कळतं. घाम येतो तसा वाळतो, आणि वाळला की सदऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात. एखादा बारीक पट्टा दिसला तर अजून काम होतं. पट्ट्यावर पट्टा चढला की माणसाला सावलीत बसवायचं, मग तो काही का म्हणेना. लग्न होऊन मळ्यात आले तेव्हापासून मी हे बघत आले. सासरा, दीर, नवरा, कामाची माणसं, सगळ्यांच्या पाठी मी वाचल्या. शाळेत चौथीपर्यंतच वाचलं, त्यानंतरचं वाचन हेच.

आमचा मळा मखमलाबादच्या पुढे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब आणि घराला लागून मोगऱ्याच्या सऱ्या. फुलं पहाटे तोडायची आणि टेम्पोनं बाजारात पाठवायची. आता मुलगा आणि सून बघतात. मी आणि म्हातारा मोगऱ्यापुरते. म्हातारा म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी अहो म्हणते, लिहिताना म्हातारा लिहिते. त्याला ते माहीत आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी त्याच्या छातीत दुखलं. दवाखान्यातून परत आला तो निम्मा होऊन. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, अंगातलं पाणी काढायची गोळी लावली. मी मीठ असं तोडलं की घरात वेगळी भाजी, वेगळं पिठलं. चिमटीतून चार दाणे पडले तरी मी ते उचलायची. तेव्हापासून मला भीती लागली. स्वयंपाकघरात असताना बाहेर काही पडलं की हातातलं टाकून धावायचं. दुपारी तो तोंड उघडं टाकून झोपला की नाकापुढे हात धरायचा. एकदा त्यानं डोळे उघडले.

"काय बघतीस?"

"माशी बसली होती."

"हाय अजून मी. बस तू बी."

पण तो काही पूर्वीसारखा राहिला नव्हता. अंगणात खाटेवर बसून राहायचा. मोगरा फुलला की पहिली कळी हातावर घेऊन बघणारा माणूस, त्यानं यंदा मोगऱ्याकडे मान वळवली नाही. सुनेनं टोपली पुढ्यात आणून ठेवली तर म्हणाला, "बरा आलाय." एवढंच. मला ते आवडलं नाही.

जावयाची बदली वेंगुर्ल्याला झाली होती. चैत्र लागला तशी मुलगी फोनवर मागे लागली, बाबांना घेऊन ये, हवापालट होईल. मला जायचं नव्हतं. घरापासून लांब कुठेतरी याला काही झालं तर काय करायचं, हाच विचार. मुलगा मोबाईल दाखवून म्हणाला, "आई, बघ, तिकडचं ऊन आपल्यापेक्षा कितीतरी कमी आहे." खरंच कमी होतं. आमच्याकडे पत्रे तापून दुपारी तडतड वाजत होते. मला वाटलं, कमी उन्हात म्हाताऱ्याला बरंच वाटेल. गेलो.

तिथे उतरल्यावर पहिल्यांदा काय झालं, तर माझं अंगच मला माझं वाटेना. ऊन खरंच कमी होतं, पण हवा अंगाला चिकटून बसायची. आंघोळ करून टॉवेलनं पुसावं तर टॉवेल ओला. पुसलेलं अंग परत ओलं. धुतलेलं लुगडं दोरीवर दिवसभर लोंबत राहायचं आणि संध्याकाळी घडी घालावी तर दमटच. समुद्र मुलीच्या घरापासून जवळ होता. आम्ही एकदा बघून आलो. पाणी आहे. पुष्कळ आहे.

पण फुलं. फुलांबद्दल मी खोटं बोलणार नाही. जन्मभर फुलं विकली, पण फुलं नुसती बघायला मी कधी कुठे गेले नव्हते. आमच्याकडे चैत्रात झाड सांभाळावं लागतं, पाणी द्यावं लागतं, सावली करावी लागते. तिथे कोणी काही करत नव्हतं आणि दर कुंपणातून काहीतरी फुलून बाहेर आलं होतं. सोनचाफा होता, अनंत होता, पाटांच्या कडेनं अबोली होती. बाजाराच्या रस्त्याला बकुळीखाली इतकी फुलं पडलेली की पाय कुठे ठेवावा कळेना. मी चपला काढून कडेनं गेले. मुलगी म्हणाली, "आई, लोक बघताहेत." बघू देत.

आणखी एक. आमच्याकडे तोडलेलं फूल ओल्या फडक्यात ठेवलं नाही तर दुपारपर्यंत त्याचा चुरा होतो. तिथे सकाळी केसात घातलेली वेणी संध्याकाळीही ताजी. तिथली हवाच ओल्या फडक्यासारखी. हे मी मुलीच्या घरमालकिणीला बोलून दाखवलं. ती शेजारीच राहायची. माझ्यापेक्षा लहान, पण मुलगी तिला काकी म्हणायची म्हणून मीही काकीच म्हणायला लागले. ती हसली.

"हय फुला टिकतत, वैनी," ती म्हणाली. "माणसा वितळतत."

तिचं बोलणं पहिले दोन दिवस मला नीट कळलं नाही. हे मात्र कळलं, आणि ते माझ्या मनात अडकून राहिलं.

काकीच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या परसात, सुरंगीचं झाड होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे म्हातारा खाटेवर नव्हता. मी अनवाणी बाहेर पळाले. संडासात नाही, अंगणात नाही. परड्याच्या गडग्यापाशी, दगडी कुंपणाला टेकून, तो नाक वर करून उभा होता.

"वास येतोय," तो म्हणाला. "कसला हाय ते कळंना."

"सांगून जायचं की."

"झोपली होतीस."

तेवढ्यात काकी बाहेर आली आणि तिनं आम्हाला झाडाखाली नेलं. गर्द, काळपट हिरवं झाड. वर बघितलं तर पानंच पानं. फुलं दिसेनात. मग तिनं फांदी दाखवली. शेंड्याला काही नाही, आत जाड जुन्या फांद्यांच्या सालीतूनच कळ्यांचे झुबके निघालेले, मण्यांसारखे. एखादी उमललेली, चार पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या केसरांचा गोंडा. वास असा की पोटात जाऊन बसावा.

"अगं, खोडालाच फुलं," म्हातारा म्हणाला. "आपल्याकडं शेंड्याला येत्यात. हे बघ, हितं बघ की."

दिवाळीनंतर त्यानं मला पहिल्यांदाच काहीतरी बघ म्हणून सांगितलं.

त्या दिवसापासून रोज पहाटे तो झाडाखाली. कळ्या उमलायच्या आत काढाव्या लागतात. उमलल्या की केसर झडतात आणि माश्यांचं मोहोळ उठतं. काकीचा भाऊ वर चढून झुबके खुडायचा, खाली जुनी लुगडी अंथरलेली असायची. म्हाताऱ्याला मी बजावून ठेवलं होतं, पाय जमिनीवरून उचलायचा नाही. तो खालच्या फांद्यांवरचं काढायचा. मी आणि काकी केळीच्या सोपटाच्या धाग्यात कळ्या ओवायला बसायचो. पहिल्याच दिवशी मी सवयीनं फडकं भिजवून आणलं. काकीनं माझा हात धरला.

"सुरंगीक पाणी लावूचा नाय. लावलास तर काळी पडतली."

"जरासुद्धा नाही?"

"थेंब नाय."

म्हाताऱ्यानं ते ऐकलं आणि त्याला गंमत वाटली. जन्मभर आमच्या घरात फुलाला पाणी, पाणी एवढंच चाललेलं. दिवसभर तो तेच बोलत होता. पाणी लावलं की काळी पडणारं फूल. जावई कामावरून आला तर त्यालाही सांगितलं. जावई म्हणाला, "हो का." तो हिशेबाचा माणूस आहे.

म्हातारा खुलला होता. दोन पोळ्या जास्त जात होत्या. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी धास्तावलेलीच. तो सारखा भिजलेला असायचा. सदरा पाठीला चिकटलेला. पण भिजलेली तर मीही होते, काकी होती, मुलगी होती. सगळं गावच भिजलेलं होतं. त्यात कोणाचा घाम जास्त, हे कोण ओळखणार.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. तोडणी संपेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. चहा नाही, पाण्याचा घोटही नाही. फूल देवाला जायचं असतं, उष्ट्या तोंडानं त्याला हात लावायचा नाही. ही रीत माझ्या सासूची. पोटुशी असताना एकदा मला चक्कर आली म्हणून मी हौदावर पाणी प्याले. सासूनं माझी भरलेली टोपली उचलली आणि म्हशीपुढे ओतली. सगळी शेवंती. म्हशीनं ती खाल्लीही नाही, तुडवली. त्यानंतर मी कधी प्याले नाही, आणि म्हातारा तर आईच्या पोटातूनच ती रीत घेऊन आलेला. आमच्याकडे त्यानं कोणाचं काही बिघडलं नाही. ऊन भिंतीवर यायच्या आत तोडणी संपते, हवा गार असते, मग चहा.

सुरंगीचा बहर भरात आला तसं काकी म्हणाली, गावाबाहेर भावाच्या वाडीत झाडं लागोपाठ उभी आहेत, तिथे चला. मुलीला नोकरीवर जायचं होतं. ती म्हणाली, "बाबांना झेपेल का?" मी म्हणणार होते नाही. पण म्हातारा आधीच सदरा घालून ओट्यावर बसला होता. त्याच्याकडे बघून माझ्या तोंडातून 'नाही' निघालं नाही.

रिक्षानं गेलो. माडांच्या मागे सुरंगी, ओळीनं. आत शिरलो तर वारा बंद. वास इतका दाट की मला पहिल्यांदा मळमळलं, मग सवय झाली. काकीचा भाऊ वर चढला. लुगडी अंथरली. कळ्या पडायला लागल्या, टपटप, गारा पडाव्यात तशा. मी कितीतरी वेळ ओवायचं सोडून वरच बघत बसले. तेवढा वेळ मला भीती नव्हती. तेवढाच वेळ.

म्हातारा खालच्या फांद्यांवर लागला होता. एक झाड झालं की दुसरं. मी त्याच्या पाठीवर नजर ठेवून होते. जुनी सवय. पट्टा दिसतो का बघायचं. दिसत नव्हता. ऊन माडांच्या वर आलं, मी परत बघितलं. सदरा ओला, पण पांढरं काही नाही. म्हटलं, ठीक आहे. तिथे घाम वाळतच नाही, मग मीठ दिसणार कुठून, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. अंगातलं मीठ पाण्याबरोबर वाहून चाललं होतं आणि मी पाठीकडे बघत बसले होते.

काकी तांब्या घेऊन त्याच्याकडे गेली. "वायच पाणी पियात मां."

"तोडणी झाल्यावर," तो म्हणाला.

"झाड काय पळतला?"

"उष्ट्या तोंडानं नाय लावत आम्ही हात."

काकीनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मीही प्याले नव्हते.

माश्या यायला लागल्या. काकीचा भाऊ खाली उतरला, म्हणाला आता पुरे. म्हातारा थांबला नाही. उमललेली फुलंसुद्धा खुडत होता, जी काढायची नसतात. मी हाक मारली. "अहो, बास आता." त्यानं वळून बघितलं नाही. खुडलेलं फूल लुगड्यावर टाकायच्या ऐवजी तो खिशात घालत होता. मग दुसऱ्या खिशात. खिसा भरला तर तसंच वरून दाबत होता आणि फुलं खाली पडत होती.

मी उठले. गुडघा धरून उठले, त्याला थोडा वेळ लागला. जवळ गेले तर त्याचा चेहरा राखेसारखा झालेला आणि ओठ हलत होते.

"टेम्पो आला का?" त्यानं विचारलं.

"कसला टेम्पो?"

"मग माल रस्त्यावर नेऊन ठेवा की. किती वेळ झाला. बाजार सुटंल." त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मी नव्हते. "मावशी, तुम्ही कोणाकडच्या?"

मी त्याचा दंड धरला. दंड गार आणि निसरडा लागला, माशासारखा. काकी मागून आली.

"ह्येंचा काय तरी बिघाडला," ती म्हणाली. "मी बगतंय, तू रिक्षा हाड," हे भावाला. तो गडग्यावरून उडी मारून गेला.

आम्ही दोघींनी म्हाताऱ्याला खाली बसवलं. त्याच्या तोंडाला तांब्या लावला तर त्यानं दात आवळून घेतले. शुद्ध हरपत चालली होती तरी रीत सुटली नव्हती. मी म्हटलं, "प्या हो, तोडणी झाली." तो म्हणाला, "टेम्पो गेला का?" मी म्हटलं, "गेला." तेव्हा कुठे त्यानं तोंड उघडलं. दोन घोट गेले, बाकीचं हनुवटीवरून खाली.

रिक्षात मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. खिशातल्या फुलांचा वास रिक्षाभर. दर वळणाला मी नाकापुढे हात धरत होते. काकी पुढून मागे वळून माझ्या त्या हाताकडे बघायची.

दवाखान्यात त्याला खाटेवर घेतलं, रक्त घेतलं, सलाईन लावलं. डॉक्टर तरुण बाई होती. तिनं मला विचारलं, गोळ्या कोणत्या, जेवणात मीठ किती, सकाळपासून पाणी किती. मी शेवटच्या प्रश्नाला म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "म्हणजे किती?" मी म्हटलं, "नाही म्हणजे नाही." मग तिनं सांगितलं, अंगातलं मीठ फार उतरलंय, त्यानं डोक्यावर परिणाम होतो, हळूहळू भरून काढावं लागेल. मी विचारलं, डोकं परत येईल का. ती म्हणाली, "बघू या." बघू या हे शब्द मी डॉक्टरांच्या तोंडून आधीही ऐकले आहेत. माझ्या सासऱ्याच्या वेळी, दिराच्या वेळी.

मुलगी कामावरून धावत आली. "बाबा," तिनं हाक मारली आणि रडायला लागली. म्हाताऱ्यानं डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मावशी, मोगरा संपला आज," तो म्हणाला. "झेंडू न्या."

"बाबा, आई आहे ती."

"असू दे. भाव तोच."

पलीकडच्या खाटेवरचा माणूस हसला. मीही हसले असते, दुसऱ्या कोणाचा नवरा असता तर.

माझा दीर, म्हाताऱ्याचा थोरला भाऊ, शेवटी असाच झाला होता. बायकोला पाटील म्हणायचा. ती जेवायला वाढायची आणि हा म्हणायचा, पाटील, बसा, पाणी घ्या. ती बाई त्यात झिजून गेली. त्या खाटेशेजारी स्टुलावर बसून मला तीच दिसत होती. म्हातारा मेला असता तर मी रडले असते, तेरावं केलं असतं, आणि मोगऱ्याच्या सरीत परत गेले असते. मरणाची तयारी मी दिवाळीपासून करत होते. पण तो असाच राहिला, रोज सकाळी मला गिऱ्हाईक समजून झेंडू विकायला लागला, तर काय करायचं, ते मला माहीत नव्हतं. मुलीला मी बाहेर पाठवलं. तिच्या रडण्यानं मला विचार करता येईना.

काकीनं निघताना ओवायच्या राहिलेल्या कळ्यांची पुडी माझ्या पिशवीत घातली होती. मी ती काढली आणि खाटेशेजारच्या लोखंडी टेबलावर उघडून ठेवली. का ठेवली, सांगता येणार नाही. हातांना काहीतरी हवं होतं. नर्स आली, तिनं वास घेतला आणि म्हणाली, "आजी, सुरंगी?" मला वाटलं काढायला लावते. तिनं एक कळी उचलून केसात खोचली आणि सलाईन बघून गेली.

दुपार तशीच गेली. म्हातारा झोपायचा, जागा व्हायचा, बाजारातलं काहीतरी बोलायचा. एकदा म्हणाला, पोलीस गाड्या हलवायला लावतात, पाट्या उचला. मी म्हटलं, उचलल्या. त्याचं म्हणणं मोडून काही उपयोग नव्हता. काकी डब्यातून पेज घेऊन आली, मीठ घातलेली. डॉक्टरला विचारून चमच्यानं भरवली. इतके महिने ज्या मिठावरून मी त्याच्याशी भांडले, तेच मीठ आता माझ्या हातानं त्याच्या तोंडात.

उन्हं उतरली तरी हवा तशीच. पंखा गरम वारा फिरवत होता. मी फडकं भिजवून त्याचं तोंड, गळा, काखा पुसत होते. तो गप्प होता. बराच वेळ काही बोलला नव्हता, आणि ते गप्प राहणं मला बोलण्यापेक्षा वाईट वाटत होतं. टेबलावरच्या कळ्या उमलायला लागल्या होत्या. मी हातातलं ओलं फडकं पिळलं आणि काही विचार न करता त्या कळ्यांवर पसरलं. साऱ्या जन्माची सवय. फूल उघडं दिसलं की त्यावर ओलं फडकं.

"ते उचल," म्हातारा म्हणाला.

"काय उचलू?" मला वाटलं परत पाट्या.

"फडकं उचल. सुरंगी हाय ती. पाणी लावू नको, काळी पडंल."

माझा हात तिथेच थांबला. मोगऱ्याला पाणी लागतं, झेंडूला लागतं. पाणी लावायचं नाही हे आमच्या मळ्यात कोणाला माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं, इथे येईपर्यंत. म्हणजे तो बाजारात नव्हता. इथे होता. तरी मी लगेच विश्वास ठेवला नाही.

"कोण म्हणालं काळी पडंल?"

"काकी. पहिल्याच दिवशी. तुझ्यासमोरच तर म्हनली."

"आणि मी कोण?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. या वेळी मी त्या नजरेत होते. चांगलीच होते.

"तू डोकं खातीस," तो म्हणाला. "फडकं उचल आधी."

मी फडकं उचललं. वरच्या काही कळ्यांना पाणी लागलंच होतं. त्या वेगळ्या काढल्या. मग मुलीला आत पाठवलं आणि मी व्हरांड्यात गेले. भिंत धरून चालले. कोपऱ्यात पाण्याचं पिंप होतं. तिथे पेला भरून प्याले, मग आणखी एक. पिताना आठवलं, सकाळपासून मीही पाणी प्याले नव्हते.

त्यानंतर डॉक्टरनं आम्हाला दोन रात्री ठेवून घेतलं आणि गोळी बदलून दिली. आमच्या नाशिकच्या डॉक्टरला दाखवायला चिठ्ठी दिली. निघायच्या दिवशी काकीनं सुकलेल्या सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, हातात दिला. तपकिरी झालेला, पण वास जसाच्या तसा. म्हातारा तो नाकाशी धरून म्हणाला, "पुढच्या चैत्रात परत यायचं." काकी माझ्याकडे बघून म्हणाली, "येवा. पण ह्येंका आधी पाणी पाजून हाडा."

घरी आलो तेव्हा मोगरा ऐन भरात होता. पहिल्याच पहाटे म्हातारा टोपली घेऊन निघाला. मी सरीच्या तोंडाशी तांब्याभांडं घेऊन उभी राहिले.

"प्या."

"तोडणी झाल्यावर."

"आत्ता."

"आई असती तर..."

"त्यांचं मी वर गेल्यावर बघते. देवाला उष्ट्या हातची फुलं चालत नसतील तर त्यानं यावं आणि स्वतः तोडावीत."

सून मागे उभी होती. ती तोंडावर पदर धरून हसत होती की घाबरली होती, कळलं नाही. म्हातारा हलेना. मग मी भांडं भरलं, त्याच्यासमोर सगळं पाणी प्याले, ओलं तोंड पुसलं आणि पहिली कळी तोडून टोपलीत टाकली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. काही झालं नाही. टेम्पोचा हॉर्न वाजला, वरच्या घरातलं कुत्रं भुंकलं. म्हाताऱ्यानं भांडं घेतलं. निम्मं प्यायला आणि मला परत द्यायला लागला. मी हात पुढे केला नाही. तो उरलेलंही प्यायला.

पाठीवरचे पट्टे मी अजून बघते, पण आता नुसत्या त्यांच्यावर सोडत नाही. तोडणी चालू असताना मधूनच विचारते, "अहो, आपण कुठे आहोत?" तो चिडतो. कधी म्हणतो, तुझ्या माहेरी. कधी म्हणतो, तुरुंगात. चिडून उत्तर आलं की मी पुढची कळी तोडते.

परवा विचारलं तर उत्तर आलं नाही. तो सरीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरा उभा होता. मी परत विचारलं. मान हलली नाही. तिसऱ्यांदा मी ओरडलेच आणि टोपली तिथेच टाकून सरीतून धावत सुटले. गुडघा दुखतोय हे विसरले, मोगऱ्याच्या फांद्या लुगड्याला अडकत होत्या. पुढे जाऊन त्याचा खांदा धरून वळवला. त्याचे गाल फुगलेले, डोळे वटारलेले. हातात पाण्याचा तांब्या. तोंडात घोट होता.